एक्केचाळीस कान

नारीनमध्ये जानेवारीत रंगसुद्धा गोठतात.
बाटल्या मी कोटाच्या आतल्या खिशात घालून शाळेत आणते.
यंदा खोक्यातून नऊ टॅब आले.
मुलं बावीस. एकाची काच आधीच तडकलेली.
मुख्याध्यापक म्हणाले, सही करा,
फुटलं तर पगारातून.

सही केली, आणि आठवडाभर
कपाटाची किल्ली गळ्यात घालून हिंडले.
एकाही मुलाला हात लावू दिला नाही.
खरं सांगते, भीती मलाच होती.
सातवीची मुलं तशीही माझ्या तासाला
गणिताचा गृहपाठ उरकतात.
शेजारी तोक्तोबुबू एजे शिकवतात.
त्यांचा आवाज भिंतीतून इकडे येतो,
माझा तिकडे जात नाही.

कुबात शेवटच्या बाकावर.
दोन वर्षं त्यानं मला कोरा कागद दिला,
खाली नाव मात्र सुबक अक्षरात.
"माझ्या हाताला येत नाही," एवढंच म्हणायचा,
जणू हात दुसऱ्या कुणाचा,
त्याच्याकडे नुसता सांभाळायला ठेवलेला.

तडकलेला टॅब त्यालाच मिळाला.
मुद्दाम नाही, रांगेत तोच शेवटी होता.
लेखणी हरवलेली, म्हणून बोटानं.
एक रेघ. मागे.
एक रेघ. मागे.
वाकड्या बाणाचं ते बटण
त्याला इतकं आवडलं
की तास संपला तरी स्क्रीन पांढरीच.
मनात म्हटलं, घ्या,
कोरा कागद आता विजेवर चालतो.

माझी आई शिरदाक करायची.
लाल नमदा, काळा नमदा, एकावर एक ठेवून
एकाच सुरीनं दोन्ही कापायची.
लालातून निघालेलं शिंग काळ्यात बसायचं,
काळ्यातलं लालात. वाया काही नाही.
पण सुरी टेकवण्याआधी
ती चहा निवेपर्यंत नुसती बघत राहायची.
तिच्या सुरीला बाण नव्हता.
म्हणून मला या बाणाचा राग.
पुसलेलं जातं तरी कुठे?

कुठेच जात नव्हतं.
"एजे, हे सगळं लक्षात ठेवतं," आयझिरेक म्हणाली,
आणि कुबातला न विचारताच
तिनं टॅब प्रोजेक्टरला जोडला.

पोपडे धरलेल्या निळ्या भिंतीवर
एक कान उमटला. घोड्याचा.
गेला. दुसरा, जरासा कललेला.
गेला.
एक्केचाळीस वेळा त्यानं तोच कान काढला होता,
एक्केचाळीस वेळा चुकला म्हणून पुसला होता,
आणि चुका एकीच्या टाचेवर एक धावल्या तेव्हा
कान हलला.
मागे वळला, ताठ झाला, टोकाशी थरथरला.
नसलेल्या घोड्यानं
आमच्या वर्गात काहीतरी ऐकलं.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.
"परत लाव."
कुबात बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.
त्याचे बूट नमद्याचे, त्यांना नाडी नसते.

मी शहाणपणाचं काही बोलले नाही.
विचारलं, कशाची चाहूल लागली त्याला?
बाकाखालून उत्तर आलं,
"माझी. बादली घेऊन जातो ना, तेव्हा."

मग तीन दिवस वीज नव्हती.
टॅब कपाटात, किल्ली खिळ्याला.
मला वाटलं, संपलं.

चौथ्या दिवशी तोक्तोबुबू एजे आल्या,
हातात गणिताची वही, कपाळाला आठ्या.
"हे तुमच्या तासाचं फळ," म्हणाल्या.
अपूर्णांकांच्या प्रत्येक पानावर, उजव्या कोपऱ्यात,
नखाएवढा कान.
मला दाखवायला त्यांनी पानं अंगठ्याखालून सोडली,
एकदा,
मग पुन्हा, जरा सावकाश.

तक्रार मी लिहून घेतली.
वही त्या अजून आणून देणार आहेत.